अ खालचं टिंब

मित्रांनो, मी एक जुना संच आहे. भांड्यांचा नाही, की रंगांच्या पेटीतला नाही. कॉम्प्युटरवर अर्ज लिहायचा, हिशेबाचा तक्ता मांडायचा, सभेत भिंतीवर चित्रं दाखवायची, अशा ऑफिसच्या कामांचा मी संच आहे. मला हातात धरता येत नाही, मला वजनही नाही. तरी मला काढून टाकायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासमोर उभी राहिलेलीही पाहिली आहेत. सध्या मी गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढे, जंगलाच्या आत, कोहकाटोला नावाच्या गावात ग्रामसभेच्या खोलीत असतो. तिथे मला कोणी जुना म्हटलं तर मला राग येत नाही. जुना आहेच मी. पण टाकाऊ म्हटलं तर मात्र माझी कहाणी ऐकूनच जावं लागेल.

माझा जन्मच भांडणातून झाला. फार दूरच्या देशात एका कंपनीने माझा पूर्वज बनवला होता. त्याच्या बांधणीचा सगळा मजकूर, म्हणजे सोर्स कोड, त्यांनी उघडा ठेवला होता. कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. पुढे ती कंपनी विकली गेली. नव्या मालकाचं या कामात मन नव्हतं. दुरुस्त्या साचत गेल्या, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं येईनात. मग रोज खपणारे कारागीर एके दिवशी उठले, तो उघडा मजकूर सोबत घेतला आणि वेगळी वाट धरली. रस्त्याला फाटा फुटतो, तसा मी फुटलो. नाव नवं घ्यावं लागलं, कारण जुनं नाव मालकाचं होतं. लोक म्हणाले, हे फुटीर आहेत, दमले की परत येतील. कोणी परत गेलं नाही. हट्टीपणा माझ्या अंगात आला तो तिथूनच.

पण कारागिरांनी मला लिहिलं की मी लगेच तुमच्या कॉम्प्युटरवर आलो, असं होत नाही. मधे आणखी काही माणसं असतात. त्यांच्या मंडळाला डिस्ट्रो म्हणतात. जगभरचे उघडे प्रोग्राम गोळा करायचे, ते एकमेकांशी जुळवायचे आणि कॉम्प्युटर चालवायची एक अख्खी व्यवस्था करून लोकांना द्यायची, हे त्यांचं काम. मोठ्या डिस्ट्रो पुष्कळ आहेत. माझी डिस्ट्रो लहानशी. इतरांनी नाकारलेल्या जुन्या यंत्रांसाठी काही हौशी लोकांनी ती उभी केली होती. पगार कोणालाच नव्हता.

तिथे प्रत्येक प्रोग्रामला एक सांभाळणारा असतो. मला सांभाळायचा सिंदेवाहीचा प्रफुल. कारागिरांनी नवी आवृत्ती काढली की प्रफुल तिचा मजकूर उतरवून घेई. माझ्यासोबत आलेले जे भाग डिस्ट्रोत आधीच असत, ते तो माझ्यातून काढून टाकी, म्हणजे तेच ओझं दोनदा नको. जिथे मी जुन्या यंत्रावर अडखळे, तिथे तो पॅच लावी. पॅच म्हणजे ठिगळच. ही ओळ काढा, तिथे ही घाला, एवढं सांगणारी छोटी फाइल. सगळी ठिगळं लावून झाली की तो मला यंत्राच्या भाषेत बांधून काढी, तपासून बघी, सही करी आणि डिस्ट्रोच्या भांडारात ठेवी. तिथून मी घरोघरी जाई. माझ्या नावाच्या शेवटी दोन आकडे असायचे, एक मूळ कारागिरांचा आणि दुसरा प्रफुलच्या हातचा. त्या दुसऱ्या आकड्याकडे कोणी बघत नसे. मला मात्र त्याचाच अभिमान वाटे.

कोहकाटोल्याला मला आणलं रंजीताने. ती त्याच गावची, शिक्षणासाठी गडचिरोलीला राहिलेली. चामोर्शीच्या एका कॉलेजने भंगारात काढलेले दोन कॉम्प्युटर तिने मागून घेतले, धूळ झाडली, त्यांवर माझी डिस्ट्रो चढवली आणि जीपमध्ये मांडीवर धरून गावी नेले. ग्रामसभेच्या अध्यक्ष होत्या धुरपताबाई. त्यांना वाचता कमी येई, पण काय लिहायचं ते पक्कं ठाऊक असे. जंगलाचा हक्क गावाला मिळालेला होता. बांबू कधी तोडायचा, तेंदूपाने कोणत्या बाजूने गोळा करायची, असे ठराव ग्रामसभा करी आणि रंजीता ते माझ्यावर टंकून छापी. माझे ते चांगले दिवस होते.

मग बायांनी एक मोठं काम काढलं. अंगणवाडीतल्या पोरांसाठी गोंडी गोष्टींचं पुस्तक. गोष्टी धुरपताबाई आणि त्यांच्या सोबतिणी सांगणार, रंजीता देवनागरीत लिहिणार. अडचण एकच आली. त्यांच्या बोलीतला एक उच्चार घशात अडतो, त्याला मराठीत अक्षर नाही. बायांनी बराच खल केला आणि ठरवलं, अ खाली टिंब द्यायचं. अ खाली टिंब दिसलं की घशात थांबायचं. पोरं ते चटकन शिकली. मीही ते टिंब बिनतक्रार छापत होतो.

आणि एक नवी आवृत्ती आली. अक्षरं जुळवायचे नियम मूळ कारागिरांनी कडक केले होते. स्वराखाली टिंब येत नाही, असं त्या नियमांत लिहिलेलं. त्यामुळे जिथे जिथे ते टिंब होतं, तिथे मी ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ काढू लागलो. मी ते मुद्दाम करत नव्हतो, मित्रांनो. मला जसं लिहिलं, तसा मी वागतो. पण पानं छापून निघाली तेव्हा धुरपताबाईंनी एका वर्तुळावर बोट ठेवून विचारलं की हे काय आहे.

रंजीताने मूळ कारागिरांना चूक कळवली. नमुना पाठवला, कारण लिहिलं, दुरुस्ती सुचवली. उत्तर सभ्य होतं. नियमाप्रमाणे वर्तुळ बरोबर आहे. ही खूण वापरणारे लोक फारच थोडे आहेत, त्यांच्यासाठी सगळ्यांचा नियम हलवता येणार नाही. तक्रार बंद केली आहे.

त्याच सुमारास प्रफुलची नोकरी बदलली. घरी लहान मूल, वेळ उरेना. त्याने मला सोडत असल्याचं मंडळाला कळवलं. डिस्ट्रोच्या भाषेत अशा प्रोग्रामला बेवारस म्हणतात. माझ्या नावापुढे तो शब्द लागला, तेव्हा मला सांभाळणाऱ्याची जागा कोरी दिसू लागली. इतकी वर्षं ज्याने ठिगळं लावली त्याच्यावर मी रागावलो नाही. पण ती कोरी जागा बघवत नसे. मंडळाचं काम चंद्रपूरची उर्वशी बघे. तिने जाहीर केलं की डिस्ट्रोच्या येत्या आवृत्तीपर्यंत कोणी पुढे आलं नाही, तर हा संच भांडारातून काढला जाईल. ती कडक होती, पण खोटी नव्हती. दुरुस्त्यांवाचून पडलेला प्रोग्राम लोकांच्या कॉम्प्युटरवर ठेवणं धोक्याचं असतं.

याच दिवसांत कॉम्प्युटर विकणारा एक माणूस कोहकाटोल्याला आला. नवी यंत्रं, नवा संच, दरवर्षी भाडं भरायचं, असा त्याचा व्यवहार. त्याने रंजीताकडून ते पान मागून घेतलं, बघितलं आणि हसून म्हणाला की हे टिंब आमच्याही मशीनवर येणार नाही, पण त्यात काय एवढं. पुस्तक सरळ मराठीतच छापा, पोरांचंच भलं होईल.

धुरपताबाई दाराजवळ बसून मोहफुलं निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"आमची बोली तुमच्या मशीनले जमत नाई, त मशीन बदला भाऊ," त्या म्हणाल्या. "बोली काऊन बदलाची?"

तो माणूस गेला. रंजीताने प्रफुलला फोन लावला आणि सांगितलं की ती मला सांभाळायला घेते आहे. प्रफुलने तिला समजावलं. हा संच अवाढव्य आहे, एकट्या माणसाला झेपत नाही. आज टिंबाचं ठिगळ लावशील, उद्या नवी आवृत्ती येईल आणि ते बसणार नाही, परत कापून शिवावं लागेल, आणि हे कधीच संपत नाही. रंजीताने सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिने एवढंच विचारलं की सुरुवात कुठून करायची.

सुरुवात सोपी नव्हती. मला पूर्ण बांधून काढायला दणकट यंत्र लागतं. रंजीताकडे होते ते दोन भंगारातले कॉम्प्युटर. अर्ध्यावर त्यांची मेमरी संपे आणि सगळं कोसळे. कधी वीज जाई आणि मी पुन्हा पहिल्यापासून. तिने माझे तुकडे पाडले, एका यंत्रावर एक, दुसऱ्यावर दुसरा, आणि मग जोडले. यंत्र इतकं तापे की तिने त्याचं झाकण काढून समोर पंखा ठेवला होता. टिंबाचं ठिगळ पहिल्यांदा बसलं तेव्हा अ खालचं टिंब आलं, पण मराठीतला रफार उडाला. दुसऱ्यांदा रफार राहिला, टिंब उडालं. ती चिडे, उठून बाहेर जाई, तोंड धुऊन परत येई. अखेर दोन्ही जागच्या जागी बसली. डोळ्यांतला ओलावा काय असतो ते मला कधी कळणार नाही, पण पडद्यासमोर तिने डोळे पुसले हे मी सांगू शकतो.

मग तिच्याकडून एक गडबड झाली. प्रफुलची जुनी ठिगळं ती एकेक तपासत होती. एका ठिगळाला काहीच कारण लिहिलेलं नव्हतं. ते कशासाठी हे तिला कळेना, प्रफुललाही आठवेना. निरुपयोगी समजून तिने ते काढून टाकलं आणि मला नव्याने बांधलं.

पुस्तकाची पहिली पानं दाखवायला ग्रामसभेने आसपासच्या गावांना बोलावलं होतं. खोलीत बसायला जागा नव्हती. रंजीताने छापायचा हुकूम दिला, जुना प्रिंटर कुरकुरला आणि पान बाहेर आलं. त्यावर अक्षरांच्या जागी काळे चौकोन होते. दुसरं पान, तेही तसंच. ते काढलेलं ठिगळ या जुन्या प्रिंटरला अक्षरं समजावून सांगत होतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या गावचा लालसू म्हणाला की त्या विकणाऱ्याचं म्हणणं खरं दिसतं. काहींनी माना हलवल्या. कोणी चपला शोधू लागलं. रंजीताच्या हातात ती पानं होती आणि तिला वर बघवत नव्हतं.

धुरपताबाई उठल्या. त्यांनी पान तिच्या हातातून घेतलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं.

"कागद काळा झाला म्हून गोष्ट थोडीच काळी झाली," त्या म्हणाल्या. "बसा सारे. मी सांगतो."

आणि त्यांनी पहिल्या पानावरची गोष्ट गोंडीत सांगितली. तिच्यात एक अस्वल होतं, मधाचं पोळं होतं आणि फार शहाणी समजली जाणारी एक माणसाची जात होती. घशात थांबायच्या जागी त्या थांबत आणि पोरं खिदळत. चपला शोधणारे बसले. पण मला माहीत होतं, मित्रांनो, की आज वेळ निभावली ती धुरपताबाईंनी. माझ्याच्याने झालं नव्हतं.

सगळे गेल्यावर रंजीता त्यांना म्हणाली की हे तिला जमणार नाही. धुरपताबाईंनी तिची समजूत घातली नाही. कुठे चुकलं ते सापडलं का, एवढंच विचारलं. सापडेल, असं रंजीता म्हणाली. मग जेवून घे आणि शोध, असं सांगून त्या घरी गेल्या.

तिने शोधलं. ते ठिगळ तिने परत लावलं आणि त्याच्या डोक्यावर चार ओळींत लिहिलं की हे कशासाठी आहे, काढलं तर काय होतं आणि कोणत्या प्रिंटरवर बघायचं. मग ती मागे गेली आणि ज्या ज्या ठिगळाला कारण नव्हतं त्याला ते लिहीत सुटली. प्रफुललाही तिने सोडलं नाही. त्याला आठवेपर्यंत फोन करत राहिली. तोही मग सुट्टीच्या दिवशी बसून जुनी कारणं शोधू लागला. त्याच्या आवाजात मला पूर्वीचा प्रफुल ऐकू येई.

पानं आता स्वच्छ छापून येत होती. तरी मंडळाचा निर्णय बाकी होता. पडद्यावर सभा भरली. काही जणांचं म्हणणं पडलं की मूळ कारागिरांनी नाकारलेलं ठिगळ आपण का वाहायचं. रंजीताने शांतपणे विचारलं की मूळ कारागीर स्वतः कुठून आले. तेही नकार ऐकूनच बाहेर पडले होते ना? त्यांना तेव्हा फुटायचा हक्क होता, तर आपल्याला एक टिंब ठेवायचा हक्क नाही का? पण उर्वशीचा प्रश्न वेगळा होता.

"तुझ्या कामाबद्दल शंका नाही, रंजीता," ती म्हणाली. "पण प्रफुलही असाच जीव लावून करत होता. उद्या तुला नाही जमलं, तर हा संच पुन्हा बेवारस. तेव्हा त्या गावांनी कोणाकडे बघायचं?"

रंजीताने सवड मागितली आणि धुरपताबाईंना सगळं सांगितलं. बेवारस म्हणजे काय, हे त्यांनी दोनदा समजून घेतलं. मग त्यांनी ग्रामसभा बोलावली.

ती सभा सरळ झाली नाही. धानाची कापणी तोंडावर होती. कॉम्प्युटरच्या पोटात काय चाललंय त्याच्याशी गावाचा काय संबंध, असं बरेच जण म्हणाले. शिकायचं कोणी, वेळ कुठून आणायचा, हाही प्रश्न निघाला. धुरपताबाईंनी सगळ्यांना बोलू दिलं. मग त्यांनी विचारलं की जंगल राखायला वेळ कुठून आणला होता. तेव्हाही लोक म्हणत होते की तुम्हाला जमणार नाही, साहेब लोकांचं काम आहे.

"जंगल आपन राखतो, कोनी एकटा नाई राखत," त्या म्हणाल्या. "हे बी तसंच राखू."

ठराव झाला. कोहकाटोल्याची ग्रामसभा या संचाला आपल्या राखणीखाली घेते. रंजीता गावातल्या सोमारीला आणि आणखी दोघींना काम शिकवील, त्या पुढे इतरांना शिकवतील. ठराव गोंडीत आणि मराठीत लिहिला गेला. तो टंकायचं भाग्य मलाच मिळालं. त्यात अ खाली टिंब अनेकदा आलं आणि मी एकही चुकवलं नाही.

उर्वशीने तो वाचला. सांभाळणाऱ्याच्या जागी माणसाचं नाव हवं किंवा गटाचं, असा मंडळाचा नियम होता. ग्रामसभेचं काय, हे कोणीच कधी विचारलं नव्हतं. काहींनी हरकत घेतली. उर्वशीने उत्तर दिलं की ग्रामसभेपेक्षा पक्का गट तिने तरी या मंडळात पाहिलेला नाही, आणि निर्णय नोंदवला. बेवारस हा शब्द पुसला गेला. त्या जागी आता लिहिलेलं आहे, ग्रामसभा, कोहकाटोला.

पुस्तक छापून झालं. पोरं ते वाचतात, काही पानं त्यांनी फाडलीही आहेत. लालसूच्या गावाने स्वतःच्या गोष्टींसाठी मला नेलं. झारखंडातल्या कोणीतरी आपल्या बोलीच्या खुणेसाठी रंजीताचं ठिगळ मागून घेतलं आणि आपल्या डिस्ट्रोत लावलं. मूळ कारागिरांनी मात्र ते अजून स्वीकारलेलं नाही. रंजीता दर आवृत्तीला पुन्हा पाठवते, ते पुन्हा सभ्यपणे नाही म्हणतात. जुन्या यंत्रांवर मी चालेन हे बघायचंही त्यांनी आता थांबवलं आहे. म्हणजे कोहकाटोल्याला आणखी एक ठिगळ शिवावं लागलं.

मित्रांनो, लोक तुम्हाला सांगतील की जुनी गोष्ट जपायची म्हणजे पुसून कपाटात ठेवायची. माझं तसं नाही. मला जपायचं असेल तर मला उघडा. माझ्यात काय लिहिलं आहे ते वाचा. जिथे मी तुमच्या बोलीला अडवतो तिथे मला कापा, शिवा, आणि का शिवलं ते शेजारी लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर बसणाऱ्याला अंधारात चाचपडावं लागणार नाही. ज्याने तुमच्या आधी शिवलं त्याला विसरू नका. आणि तुम्ही फार थोडे आहात, असं कोणी म्हणालं तर मान खाली घालू नका. थोडे तर थोडे, आहोत ना.

आज सकाळी आणखी एक नवी आवृत्ती आली. टिंबाचं ठिगळ तिच्यावर बसत नाही. या वेळी रंजीता इथे नाही, ती गडचिरोलीला आहे. सोमारीने पडद्यावरची, चूक दाखवणारी लाल ओळ वाचली, खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागली आहे.